बी पेरून कायदा मोडायचा : असा कायदेभंग आज समर्थनीय आहे का?

रानवाट

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर या गावी शेतकरी संघटनेच्या लोकांनी एचटीबीटी (तणनाशक सहन करणाऱ्या, जनुकीय बदल केलेल्या) कापसाचं बी भर दिवसा, सगळ्यांसमक्ष पेरलं. या वाणाला केंद्राच्या जनुकीय मूल्यांकन समितीची (जीईएसी) मंजुरी नाही. त्यामुळे ते पेरणं पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली गुन्हा होता आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. तारीख आणि गाव आधीच जाहीर होतं. नंतर नमुने घेतले गेले, गुन्हेही दाखल झाले.

तेच बी त्याआधीपासून चोरून विकलं आणि पेरलं जात होतं. म्हणजे कायदा तर मोडला जातच होता. फरक एवढाच, की अकोलीत तो नाव-गाव सांगून मोडला गेला. माझ्या मते हा फरक साधा नाही, सगळा प्रश्न त्यातच आहे. जो कायदा अन्याय्य वाटतो नेमका तोच मोडला, लपूनछपून नाही, कुणाला इजा न करता, आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवून, तर लोकशाहीतही कायदेभंग समर्थनीय ठरतो असं मला वाटतं. एचटीबीटी चांगलं की वाईट हा या धाग्याचा विषय नाही, तरी तो येणार हे गृहीत धरतो. जाणकारांनी लिहावं.

सांजवेळ

पूर्ण सहमत. मिठाच्या सत्याग्रहाची आठवण झाली.

तळेकाठ

मिठापेक्षा महाडची आठवण व्हायला हवी, कारण तिथे हा प्रश्न जास्त अवघड रूपात समोर आला होता.

चवदार तळ्यावर पाणी पिणं हा कायदेभंग होता असं बरेच जण धरून चालतात. तसं नव्हतं. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मंजूर झाला होता आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी मोडली ती रूढी. कायदा त्यांच्या बाजूचा होता.

खरा पेच डिसेंबरात आला. तळं खाजगी मालकीचं आहे असा दावा करून सनातन्यांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला परिषदेला हजारो लोक सत्याग्रहाच्या तयारीने आले होते. लोकांना तळ्यावर जायचंच होतं. तरी बाबासाहेबांनी मनाई हुकूम मोडला नाही, सत्याग्रह तहकूब केला. मनुस्मृती जाळली, तळ्याला वळसा घालून मिरवणूक काढली आणि लढाई कोर्टात नेली. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं गेली.

त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं, की आता घटनात्मक मार्ग खुले आहेत, तेव्हा कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग सोडायला हवेत. त्यांना त्यांनी अराजकाचं व्याकरण म्हटलं. ज्याच्या माणसांना तळ्याचं पाणी नाकारलं गेलं तो माणूस हे म्हणतो, तेव्हा ते बाजूला सारून पुढे जाता येत नाही. रानवाट, तुमच्या कसोट्यांमध्ये ही कसोटी नाहीच : दुसरा मार्ग खुला होता का?

रानवाट

मान्य. ती कसोटी राहून गेली. पण मग अकोलीपुरतं विचारतो, शेतकऱ्यासमोर दुसरा मार्ग कोणता होता?

सरकी

याचं उत्तर प्रक्रियेत आहे. जीईएसीकडे अर्ज करायचा असतो तो ज्याचं तंत्रज्ञान आहे त्याने. चाचण्यांची माहिती त्याने द्यायची, पाठपुरावाही त्यानेच करायचा. शेतकरी तिथे अर्जदार नाही. या तणनाशक-सहनशील कापसाचा अर्ज कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला आणि विषय तिथेच थांबला. म्हणजे ज्याला बी हवं त्याच्या हातात अर्ज नाही, आणि अर्ज ज्याच्या हातात त्याने तो परत घेतलेला. निवेदनं देता येतात, कोर्टात जाता येतं, पण मंजुरीच्या टेबलाशी त्याला खुर्ची नाही. तळेकाठ म्हणतात तो खुला मार्ग इथे अर्धाच खुला होता.

इतिहासही बघा. २००१ मध्ये गुजरातमध्ये मंजुरी नसलेला बीटी कापूस शेतांत उभा असल्याचं उघड झालं. पीक उपटून जाळण्याचे आदेश निघाले, शेतकऱ्यांनी विरोध केला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाच्या पहिल्या तीन संकरित वाणांना अधिकृत मंजुरी मिळाली. चाचण्या आधीपासून चालू होत्या, त्यामुळे मंजुरी केवळ या प्रकारामुळे मिळाली असं म्हणता येणार नाही. पण शेत कायद्याच्या पुढे गेलं होतं हे खरं.

शिस्तीचा_धागा

सरकी, याच युक्तिवादाने उद्या कुणीही उठून म्हणेल की मंजुरीच्या टेबलाशी मला खुर्ची नाही. औषध कंपनीचा अर्ज प्रलंबित असताना रुग्णांनी ते औषध बाजारात आणावं का? जैवसुरक्षेचा कायदा एका शेताच्या बांधावर थांबत नाही. मीठ उचलल्याने शेजाऱ्याचं काही बिघडत नव्हतं, बियाण्याचं तसं नाही.

दुसरं. महाराष्ट्रात कायदेभंगाच्या नावाखाली प्रत्यक्षात होतं काय, तर रस्ता रोको, बंद, एसटीवर दगड. २८ जुलै २००३ ला घाटकोपरला स्फोट झाला, त्याच्या निषेधार्थ ३० जुलैला मुंबई बंद झाली. त्या बंदसाठी उच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. ज्याची डायलिसिसची वेळ हुकते त्याने सरकारचं कोणतं धोरण ठरवलेलं असतं?

वऱ्हाडकर

शेजाऱ्याचा मुद्दा बरोबर हाय. पण बंद अन् पेरणी एकाच पोत्यात भरू नका बावा.

सरकी

शेजाऱ्याच्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो, कारण कसोटी तिथेच लागते.

कापूस मुख्यतः स्वपरागीत आहे, पण मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागीकरण होतंच. बांधाला लागून कुणाचा सेंद्रिय प्रमाणपत्राचा कापूस असेल तर त्याचं प्रमाणपत्र अडचणीत येऊ शकतं. पण त्याहून मोठा धोका बियाण्याचा नाही, त्यासोबत येणाऱ्या फवारणीचा आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक झाडातलं ईपीएसपीएस हे विकर बंद पाडतं. या कापसात जिवाणूकडून घेतलेलं सीपी४ जनुक असतं म्हणून तो तगतो. शेजारची तूर तगत नाही. वारा असताना, बारीक थेंबांच्या नोझलने, हूड न लावता फवारलं की तुषार बांध ओलांडतात. तोच पंप नीट न धुता दुसऱ्या दिवशी सोयाबीनला वापरला तरी पीक पिवळं पडतं. गढूळ पाण्यात कालवलं तर औषध मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं, मग माणूस मात्रा वाढवतो आणि नुकसानही वाढतं. यातलं काहीच पिशवीवर छापलेलं नसतं, कारण पिशवीच बेकायदा. ग्लायफोसेटची परवानगी चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागांपुरती होती. ऑक्टोबर २०२२ पासून तर ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायचं आहे.

आणि सर्वांत मोठा तोटा पेरणाऱ्याचाच. अधिकृत बियाणं उगवलं नाही तर पावती, पिशवी आणि टॅग घेऊन तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, पंचनामा होतो, ग्राहक आयोगाची वाट असते. चोरबाजारातल्या पाकिटाला पावतीच नाही. त्यात साधं बीटी भरलेलं निघालं तर पहिल्या फवारणीत तणासोबत पीकही जातं. पट्टी-चाचणी स्वस्त आणि काही मिनिटांची असते. पान चुरडून द्रावणात टाकायचं, पट्टी बुडवायची, सीपी४ प्रथिनाची रेघ उमटते का ते पाहायचं. पण अशा बाजारात पेरणीआधी ती करतो कोण?

म्हणून अकोलीसारखी जाहीर पेरणी आणि चोरून होणारी पेरणी यांना मी एकच मानत नाही. जाहीर पेरणीत सरकार येऊन नमुना घेऊ शकतं, शेजारी जाब विचारू शकतो. चोरून पेरणाऱ्याला ना राजकीय हेतू असतो ना जबाबदारी.

कलमदान

कायद्याच्या बाजूने थोडं. धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळत आहेत : ज्याला विरोध आहे तोच कायदा मोडणं, आणि लक्ष वेधण्यासाठी दुसराच कुठलातरी मोडणं. १ जुलै २०२४ ला नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या, त्यानंतर दुसऱ्या प्रकारात साधारणपणे काय लागतं ते सांगतो.

जमावबंदी किंवा तत्सम आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ (जुन्या दंड संहितेचं १८८). आधी एक महिना किंवा २०० रुपये होतं, आता सहा महिने किंवा २५०० रुपये. धोका उत्पन्न झाला तर एक वर्ष किंवा ५०००. सोबत महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७ आणि १३५. ३७ खालचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून तो सणासुदीच्या आसपास पुन्हा पुन्हा निघताना दिसतो. रस्ता अडवला तर न्याय संहितेचं १२६, बेकायदेशीर जमाव १८९. रुळांवर बसलं तर रेल्वे कायदा कलम १७४, दोन वर्षांपर्यंत. इथवर वजन हलकं आहे.

जड होतं ते पुढे. पोलिसाशी झटापट झाली की न्याय संहितेचं कलम १३२. जुन्या ३५३ ला महाराष्ट्राने पाच वर्षांपर्यंत शिक्षा केली होती, नव्या संहितेत ती दोन वर्षं आहे. एसटी जाळली तर सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा, १९८४, कलम ४ : किमान एक वर्ष, कमाल दहा. आणि दगड एकाने मारला तरी समान उद्देशाच्या तरतुदीने (न्याय संहिता, कलम १९०) सगळा जमाव आरोपी होऊ शकतो. आंदोलनाचं नैतिक गणित बिघडायला एवढं पुरतं.

आणखी एक गोष्ट आंदोलकांनाही माहीत नसते. २२३ खाली कोर्टाला दखल घ्यायची तर आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी फिर्याद लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २१५, जुनं १९५). नुसत्या एफआयआरवर आणि पोलिसांच्या दोषारोपपत्रावर १८८ चे खटले उच्च न्यायालयांत रद्द झालेले आहेत.

तळेकाठ

मग प्रश्न असा : सत्याग्रहीने त्या तांत्रिक मुद्द्यावर सुटून यावं का? शिक्षा स्वीकारायची असं म्हणायचं आणि मग १९५ चा अर्ज करायचा, हे जुळत नाही.

दगडीचाळ

हा मुद्दा महत्त्वाचा. १८ मार्च १९२२ ला अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्डसमोर गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि कायदा योग्य वाटत असेल तर सर्वांत कडक शिक्षा द्या असं सांगितलं. सहा वर्षं मिळाली. ब्रूमफील्डने शिक्षा सांगताना टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला. पण १९०८ मध्ये टिळकांनी काय केलं होतं? गुन्हा नाकबूल केला आणि स्वतः एकवीस तास बचावाचं भाषण केलं. कलम तेच, १२४-अ (राजद्रोह). शिक्षाही तेवढीच, सहा वर्षं.

दोघांनीही तुरुंग टाळला नाही. फरक असा, की एकाने कोर्टाचा उपयोग कबुलीसाठी केला, दुसऱ्याने युक्तिवादासाठी. तेव्हा शिक्षा स्वीकारणं म्हणजे बचाव सोडून देणं असं मी मानत नाही.

शिस्तीचा_धागा

टिळकांचं उदाहरण इथे बसत नाही. त्यांनी लेख लिहिले होते आणि ते राजद्रोहात मोडतच नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. मी कायदा मोडला असं त्यांनी म्हटलंच नाही. सविनय कायदेभंगात माणूस म्हणतो, मोडला आणि जाणूनबुजून मोडला. त्याने मग फिर्याद कोणी दिली यावर सुटू नये.

दगडीचाळ

हे मान्य करावं लागेल. बसत नाही.

चाकोरीबाहेर

तत्त्व ठीक आहे, पण गुन्हा कबूल करण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. नेत्यासाठी तो मानाचा शिरपेच असतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलासाठी चारित्र्य पडताळणीचा प्रश्न होतो. साक्षांकन नमुन्यात प्रलंबित गुन्ह्यांचा रकाना असतो. माहिती दडवली तर ते वेगळंच प्रकरण होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात यावर सविस्तर लिहिलं आहे. खटला प्रलंबित असला की पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते. सरकारी कर्मचाऱ्याला वर्तणूक नियम.

म्हणून नीट बांधलेल्या कायदेभंगात काही गोष्टी आधी ठरतात. कोण अटक करवून घेणार आणि कोण बाहेर राहून मदत करणार, या दोन याद्या वेगळ्या. अठरा वर्षांखालचे, भरती-परीक्षेचे उमेदवार आणि सरकारी नोकरीतले लोक पहिल्या यादीत नकोत, कितीही हट्ट केला तरी. तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला लेखी पत्र, त्यात जागा, वेळ, मोडायचा नियम आणि जबाबदार व्यक्तींची नावं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच. ही पोच पुढे दोन ठिकाणी कामी येते : लपवाछपवी नव्हती हे दाखवायला, आणि प्रशासनाला चर्चेसाठी वेळ दिला होता हे सांगायला. वकीलपत्रांवर सह्या आधीच घ्यायच्या. जामीनदारांचे सातबारा किंवा ऐपतीचे दाखले फाइलमध्ये. बहुतेक वेळा वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटका होते, पण जामीनदार मागितला आणि तो शुक्रवारी संध्याकाळी मिळाला नाही, तर दोन दिवस उगाच जातात.

स्वयंसेवक दर पंचवीस माणसांमागे एक तरी हवा, ओळखू येईल असा, आणि त्याचं काम एकच : आपल्या माणसांना बसवून ठेवणं. उभा जमाव रेटला जातो, बसलेला रेटला जात नाही. रुग्णवाहिकेसाठी पट्टा पहिल्या मिनिटापासून मोकळा, आवाज आल्यावर करू म्हणणारे करू शकत नाहीत.

वऱ्हाडकर

बसलेला जमाव रेटला जात नाही, हे लाख मोलाचं.

दगडीचाळ

चिरनेर बघा. २५ सप्टेंबर १९३०, रायगडमधलं जंगल सत्याग्रहाचं ठिकाण. झाडं तोडून कायदा मोडायचा होता. गोळीबार झाला, सत्याग्रही मेले, आणि मामलेदारही मारला गेला. त्याच्या आधी दोन-अडीच महिने, १० जुलैला, बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलात गवत कापून अटक करवून घेतली. तेच आंदोलन, तोच जंगल कायदा. पुसदला नेत्याने स्वतः कृती केली, कृती लहान ठेवली, पोलिसांना कुणाला धरायचं ते आधी ठाऊक होतं. चिरनेरला मोठा जमाव आणि सशस्त्र पोलीस जंगलात समोरासमोर आले. अनोळखी जमावाला घाबरलेला अधिकारी फार धोकादायक असतो.

(अकोलीसारखं पुसदही विदर्भातलंच. विदर्भाला हा मार्ग जुनाच ओळखीचा आहे.)

शिस्तीचा_धागा

चाकोरीबाहेर, तुमची यादी व्यवहार्य आहे. पण गुन्हे मागे घेण्याबद्दल कुणीच बोलत नाही. आज आंदोलन करायचं आणि दोन वर्षांनी शासनाने राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले मागे घ्यावेत अशी मागणी करायची, ही पद्धत पडली आहे. मग शिक्षा स्वीकारली असं कसं म्हणायचं?

कलमदान

कायद्याने मागे घेण्याचा अधिकार सरकारचा नाहीच. अर्ज सरकारी वकिलाने स्वतंत्र विचाराने करायचा आणि संमती कोर्टाने द्यायची (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६०, जुनं ३२१). केरळ विधानसभेतल्या २०१५ च्या तोडफोडीचा खटला मागे घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये नकार दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत असंही ठरलं. महाराष्ट्रात शासन निर्णयांमध्ये जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान ठरावीक मर्यादेत असावं अशा अटी असतात. तरीही अर्जांच्या ढिगात सामान्य आरोपीचा क्रमांक मागे लागतो आणि तो तारखांना जात राहतो.

मला व्यक्तिशः ही मागणी आंदोलनाच्या तत्त्वाविरुद्ध वाटत नाही, एका अटीवर : ती तडजोडीचा भाग म्हणून उघडपणे केलेली असावी. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात अहिंसक कैद्यांची सुटका होतीच.

सांजवेळ

या धाग्याची कापूसकोंड्याची गोष्ट होण्याआधी मूळ प्रश्नाकडे वळू या का? अकोलीची पेरणी समर्थनीय होती की नव्हती?

शिस्तीचा_धागा

माझं मत थोडं बदललं आहे, पूर्ण नाही. ज्याला विरोध आहे तोच कायदा मोडला आणि उघडपणे मोडला, एवढ्यापुरती पेरणी बंद किंवा रस्ता रोकोच्या वरची मानतो. पण सरकीने सांगितलेला फवारणीचा धोका लक्षात घेता, पेरणी प्रतीकात्मक क्षेत्रापुरती, बांधापासून अंतर सोडून आणि ग्लायफोसेट न फवारता व्हायला हवी. नाहीतर शिक्षा मी भोगीन म्हणणाऱ्याचा भोग शेजाऱ्याच्या तुरीला भोगावा लागतो. दिल्लीतल्या शाहीनबाग धरण्याच्या निकालातही (७ ऑक्टोबर २०२०) सर्वोच्च न्यायालयाने विरोधाचा हक्क मानला, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवणं मान्य केलं नाही. तिसऱ्याच्या हक्काचा विचार तिथेही आहे.

तळेकाठ

माझा आक्षेप शिल्लक आहे, पण सरकीच्या उत्तराने त्याची धार कमी झाली. बाबासाहेबांचं म्हणणं घटनात्मक मार्ग खुले असताना लागू होतं. मार्ग कागदावर खुला आणि प्रत्यक्षात अर्जच करता येत नाही, अशा ठिकाणी ते किती लागू होतं यावर विचार करावा लागेल. तरी महाडला त्यांनी दहा वर्षं वाट पाहिली हे मी विसरू शकत नाही.

रानवाट

एका बदलाकडे लक्ष वेधतो. जनविश्वास कायद्याने १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातली ती कैद काढली. आता दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड, तोही कोर्टात नाही, नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर. याचा अर्थ अकोलीसारखी पेरणी आज केली तर तुरुंग भरता येणार नाहीत. दोन एकरांच्या शेतकऱ्याला पंधरा लाखांची भीती कैदेपेक्षा मोठी. आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी दंड म्हणजे परवाना शुल्क. शिक्षा स्वीकारण्याची कसोटी या कायद्यापुरती कशी लावायची?

कलमदान

दंड भरलाच नाही तर पुढे तुरुंगवासाची तरतूद आहे. म्हणजे कैद दुसऱ्या दारातून येते. सत्याग्रहीने दंड जाहीरपणे नाकारायचा आणि ती पायरी गाठायची, हा एक रस्ता. पण आदेशाविरुद्ध अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जातं, त्यात वेळ जातो, आणि तोवर लोक पेरणी विसरलेले असतात.

चाकोरीबाहेर

शिवाय वसुली महसुली थकबाकीसारखी सुरू झाली तर बोजा सातबारावर चढेल आणि पुढच्या हंगामाचं पीक कर्ज अडकेल. म्हणून अशी पेरणी करायचीच असेल तर ज्याच्या नावावर पीक कर्ज नाही त्याचं शेत निवडावं, आणि जमीन सामाईक खात्यात असेल तर सगळ्या खातेदारांची लेखी संमती आधी घ्यावी. भावाच्या नावावर आंदोलन चढवू नये.

वऱ्हाडकर

सामाईक खात्याचं लय बरं सांगितलं. आमच्याकडं निम्मी जमीन तशीच हाय.